प्रक्षेप्य गतीचा तास आणि नववी-पीयूसीमधली दरी : पार्श्वभूमी

बेळगाव, खानापूर, निपाणी आणि चिक्कोडीकडच्या मराठी माध्यमाच्या हायस्कुलांत विज्ञान शिकवणाऱ्यांचा एक जुना वाद आहे. तिरका किंवा आडवा फेकलेला चेंडू, म्हणजे प्रक्षेप्य गती, मुलांसमोर आणायची कधी? नववीच्या पुस्तकात वस्तू सरळ रेषेत पळते, वर फेकली जाते, खाली पडते, गोल फिरते. वाकड्या वाटेने जाऊन जमिनीवर आपटणारी वस्तू तिथे नाही. दहावीत तर गतीचा धडाच नाही. ही वस्तू एकदम पीयूसीच्या, म्हणजे कर्नाटकातल्या अकरावी-बारावीच्या, पहिल्या वर्षी भेटते, सदिशांच्या (व्हेक्टरच्या) मागोमाग, आणि तीही इंग्रजीत. विद्यार्थिकेंद्री पाठाचे टाचण मागितले जाऊ लागल्यापासून हा वाद पुन्हा पुन्हा वर येतो.

मुले या विषयाकडे रिकाम्या डोक्याने येत नाहीत, हे आधी मान्य करावे लागते. गोफणीचा दगड, विटी, क्रिकेटचा झेल यांतून त्यांचा स्वतःचा एक सिद्धान्त तयार झालेला असतो. हाताने दिलेला जोर वस्तूत भरलेला असतो, वाटेत तो खर्च होतो, संपला की वस्तू खाली येते. हा सिद्धान्त जुना आहे आणि मोठ्या माणसांचा आहे. वैशेषिक सूत्रांच्या पाचव्या अध्यायात बाणाची चर्चा आहे : पहिली हालचाल ढकलण्यामुळे, पुढची बाणात राहिलेल्या संस्कारामुळे, आणि संस्कार उरला नाही की गुरुत्वामुळे पतन. युरोपातही मध्ययुगात याच जातीचा विचार होता. १५३७ साली छापलेल्या एका इटालियन ग्रंथात तोफगोळ्याची वाट आधी सरळ, मग वळणाची आणि शेवटी सरळ खाली अशी मानली आहे. नववीच्या वर्गात फेकलेल्या दगडाची वाट वहीत काढायला सांगितली, तर हीच आकृती हमखास सापडते. गॅलिलिओने १६०८ च्या सुमारास टेबलावरून आडवी गोळी सोडून ती जमिनीवर कुठे पडते ते मोजले आणि १६३८ च्या ग्रंथात तिची वाट अन्वस्त (पॅराबोला) असल्याचे दाखवले. त्याच्या मोजमापांचा कागद हस्तलिखितांत पडून होता. तो अभ्यासकांच्या नजरेस आला तो १९७० च्या दशकात.

शिकवण्याच्या पद्धतीचा इतिहास त्या मानाने ताजा आहे आणि आपल्या वादाशी त्याचाच जास्त संबंध आहे. १९५६ पासून अमेरिकेत हायस्कूलसाठी नव्याने भौतिकशास्त्राचा अभ्यासक्रम रचला गेला. एक चेंडू नुसता सोडलेला, दुसरा त्याच क्षणी आडवा फेकलेला, आणि दोघे प्रत्येक टप्प्यावर एकाच उंचीवर, हे प्रसिद्ध छायाचित्र त्या काळापासून पुस्तकांत दिसू लागले. १९८० च्या दशकात संशोधकांनी मुलांना साधे प्रश्न विचारायला सुरुवात केली. चालता चालता हातातला चेंडू सोडला तर तो कुठे पडेल? कॉलेजात भौतिकशास्त्र शिकलेलेही बरेच जण म्हणाले, हात जिथे उघडला तिथेच सरळ खाली. १९९२ मध्ये अशा प्रश्नांची एक प्रमाणित चाचणी प्रसिद्ध झाली. सूत्रे घोकून उदाहरणे सोडवणारा विद्यार्थीही मनातला जुना सिद्धान्त सोडत नाही, हे तिच्यामुळे जगभरच्या वर्गांत उघड झाले.

आपल्याकडे १९७२ साली मध्य प्रदेशातल्या होशंगाबाद जिल्ह्यात १६ शाळांपासून करून शिकण्याचा विज्ञान कार्यक्रम सुरू झाला. तो सरकारी शाळांतून चालला, साध्या साहित्यावर चालला, आणि २००२ मध्ये बंद केला गेला. १९८६ च्या राष्ट्रीय धोरणात बालकेंद्री शिक्षण हा शब्द आला. २००५ च्या राष्ट्रीय अभ्यासक्रम आराखड्याने घोकंपट्टीपासून दूर जा, शाळेबाहेरच्या जगण्याशी ज्ञान जोडा, असे स्पष्ट सांगितले. कर्नाटकात पीयूसीच्या विज्ञान शाखेने २०१२-१३ पासून एनसीईआरटीचा अभ्यासक्रम घेतला, आणि काही वर्षांनी हायस्कूलच्या विज्ञानाची पुस्तकेही त्याच धर्तीवर आली. राज्याची पुस्तके सात माध्यमांत निघतात, मराठी त्यांपैकी एक.

खरा पेच इथून सुरू होतो. दोन्ही टप्प्यांची पुस्तके एकाच साच्यातली झाली, पण सीमाभागातल्या मुलाला मधे एक उडी मारावी लागते. दहावीपर्यंत त्याने त्वरण, विस्थापन, गुरुत्वत्वरण असे म्हटलेले असते. जूनमध्ये विज्ञान शाखेच्या वर्गात हे सगळे शब्द बदललेले असतात. इथे मराठीतून पीयूसी विज्ञान हा व्यवहारात पर्यायच नाही. ज्या महिन्यांत भाषा बदलते, त्याच महिन्यांत प्रक्षेप्य गती येते. ती साइन-कोसाइन घेऊन येते, आणि सीईटी-नीटच्या शिकवण्यांचा घोडा तोवर पुढे निघालेला असतो. पुस्तकातले आकडेमोडीचे एक सोडवलेले उदाहरण ४९० मीटर उंच कड्यावरून सेकंदाला १५ मीटर वेगाने आडवा दगड फेकणाऱ्या माणसाचे. उत्तर १० सेकंद, जमिनीवर आपटतानाचा वेग सेकंदाला ९९ मीटर. खानापूरच्या घाटाकडच्या मुलाने असे कडे पाहिलेले असतात, दगडही टाकलेले असतात. पण ते सांगायला त्याच्याकडे त्या वर्गाची भाषा नसते, म्हणून तो गप्प बसतो आणि सूत्र उतरवून घेतो.

पीयूसीपर्यंत थांबायला हवे म्हणणाऱ्यांची बाजू पोकळ नाही. त्रिकोणमिती दहावीत येते, मग नववीत कोन कसा हाताळणार? एसएसएलसीचा, म्हणजे दहावीच्या बोर्ड परीक्षेचा, निकाल लागला की जिल्ह्यांची क्रमवारी जाहीर होते. बेळगाव आणि चिक्कोडी हे दोन शैक्षणिक जिल्हे त्यात वेगवेगळे मोजले जातात, आणि त्या आकड्यांचा जाब मुख्याध्यापकांपासून विषयशिक्षकापर्यंत सगळ्यांना विचारला जातो. पुस्तकात नसलेल्या गोष्टीवर दोन तास घालवले, तर ते कुठल्या धड्याच्या हिशेबातून कापायचे? अर्धवट शिकवून पुढे पीयूसीच्या प्राध्यापकाची अडचण वाढवू नका, असाही एक आक्षेप आहे. तो मी पीयूसीकडच्यांकडून ऐकला आहे आणि तो प्रामाणिक आहे.

तरीही तोल दुसऱ्या बाजूला झुकतो, असे मला वाटते. आडव्या फेकीला त्रिकोणमिती लागतच नाही. नववीच्या गुरुत्वाकर्षणाच्या धड्यात मूल जे समीकरण शिकते, तेवढे पुरते : उंची म्हणजे गुरुत्वत्वरणाच्या निम्म्याला वेळेच्या वर्गाने गुणायचे. आडव्या दिशेने वेग कायम, म्हणून अंतर म्हणजे वेग गुणिले वेळ. कोनाची फेक, कमाल पल्ला, ४५ अंश हे सगळे खुशाल पीयूसीसाठी ठेवावे. मुलाने मराठीत भांडून, मोजून, चुकून एवढेच पक्के करायचे आहे की आडवे जाणे आणि खाली पडणे या दोन गोष्टी एकाच वेळी, एकमेकींना न विचारता चालतात. मुलाने दोन गती वेगळ्या करून पाहिल्या, की पुढचे इंग्रजी नाव फक्त चिकटवायचे राहते.

पाठाचे टाचण या निर्णयावर कसे बदलते, ते पाहण्यासारखे आहे. सुरुवातीला फळ्यावर आकृती नको. बेंचच्या कडेला एक रुपयाची दोन नाणी ठेवायची, पट्टीच्या टोल्याने एक दूर उडवायचे आणि त्याच क्षणी दुसरे कडेवरून सुटेल अशी मांडणी करायची. त्याआधी हात वर करून घ्यायचे, कोणते आधी पडेल? मग सगळ्यांनी डोळे मिटायचे. फरशी सिमेंटची असेल तर एकच ‘टण्’ ऐकू येते. वर्गात कुजबुज होते, पुन्हा करा म्हणतात, कुणी म्हणतो टोला हळू मारला म्हणून. मग जोरात मारायला त्यालाच बोलवायचे. हा भाग घाईने उरकला तर पाठ शिक्षकाचाच राहतो.

दुसरा भाग मोजण्याचा. वायरिंगची केसिंग पट्टी घसरगुंडीसारखी वाकवून बेंचवर बांधायची आणि तिचे टोक अगदी आडवे ठेवायचे. टोक किंचितही खाली झुकले तर सगळी आकडेमोड बिघडते, आणि पहिल्या तासात नेमके हेच होते. बेअरिंगचा मोठा छर्रा पट्टीवर, टोकापेक्षा १० सेंमी उंचीवरून सोडायचा. बेंचच्या कडेवरून ओळंबा सोडून जमिनीवर खूण करायची, पुढे पांढऱ्या कागदावर कार्बन पेपर उपडा घालायचा. छर्रा पडला की काळा ठिपका उमटतो. दहा वेळा सोडला तर ठिपक्यांचा पुंजका होतो, आणि मोजमापातली चूक म्हणजे काय हे वेगळे शिकवावे लागत नाही. बेंच ७५ सेंमी उंच असेल तर पडायला ०.३९ सेकंद लागतो. ओळंब्यापासून पुंजक्याचे अंतर ४० सेंमीच्या आसपास आले, तर कडेवरचा वेग सेकंदाला साधारण एक मीटर निघतो. आता छर्रा २० सेंमीवरून सोडायचा. अंतर दुप्पट होईल असे बहुतेक गट आधी लिहून देतात, आणि तसे होत नाही. ते दुप्पट व्हायला उंची चौपट करावी लागते. ठिपके तीच गोष्ट तीन-चार वेळा दाखवतात, तेव्हा गटातले कुणीतरी स्वतःहून वर्गमुळाकडे वळते. गॅलिलिओच्या त्या जुन्या कागदावरही उंची बदलून मोजलेली अंतरे अशीच मांडलेली आहेत.

शिक्षकाच्या मोबाइलवर सेकंदाला ३० चित्रांचा व्हिडिओ घेतला, तर छर्रा हवेत असताना ११-१२ चित्रे मिळतात. एकेक चित्र थांबवून फळ्याच्या चौकटीवर ठिपके मांडता येतात : आडवे अंतर सारखे, उभे अंतर वाढत गेलेले. प्रयोगशाळेत काही नाही ही तक्रार या पाठापुरती तरी टिकत नाही. कार्बन पेपर, छर्रा आणि केसिंग पट्टी मिळून खर्च किरकोळ येतो.

गेल्या काही वर्षांत धोरणाच्या पातळीवरही हालचाल झाली आहे. २०२० च्या राष्ट्रीय धोरणात नववी ते बारावी हा सलग चार वर्षांचा टप्पा मानला गेला. राज्याने पुढे वेगळी वाट धरली, २०२३ मध्ये स्वतःच्या धोरणासाठी आयोग नेमला, आणि २०२५ मध्ये आलेल्या त्याच्या अहवालातही शेवटची चार वर्षे एकत्र ठेवणारी रचना सुचवलेली आहे. तसे झाले तर नववीचा गुरुत्वाकर्षणाचा धडा आणि अकरावीची प्रक्षेप्य गती एकाच आराखड्यात येतील, आणि आडवी फेक नववीत आणायची की नाही हा निर्णय एकेकट्या शिक्षकावर राहणार नाही. तोवर एसएसएलसी रचनेतले अंतर्गत मूल्यमापनाचे २० गुण हीच मोकळी जागा आहे. उपक्रम आणि प्रकल्प त्यातच बसतात. छर्‍याच्या ठिपक्यांची नोंद उपक्रम म्हणून प्रयोगवहीत घेतली, तर ती पुस्तकाबाहेरची राहत नाही, आणि मुख्याध्यापकांनाही तिच्यावर सही करायला हरकत उरत नाही.