शेपटीचा पंख की 'स्टॅबिलायझर'?

टेलफिनच्या, म्हणजे मागच्या मडगार्डवर पंख असलेल्या, अमेरिकन गाड्यांची तुलना निघाली की सगळे आधी १९५९ च्या कॅडिलॅकपाशी येऊन थांबतात. गगनाला भिडलेले पंख, प्रत्येकाच्या कुशीत बंदुकीच्या गोळीसारखे दोन-दोन लाल दिवे. पोस्टरवर तीच गाडी शोभते. पण ती तशी का झाली, हे क्रायस्लर कंपनीच्या १९५७ च्या प्लायमाउथशिवाय कळत नाही.

सुरुवात थोडक्यात. युद्धकाळात डेट्रॉइटजवळच्या विमानतळावर काही डिझायनरांना दोन शेपट्यांचं लॉकहीड पी-३८ हे लढाऊ विमान पाहायला मिळालं. १९४८ च्या कॅडिलॅकच्या मागच्या मडगार्डवर आलेला उंचवटा हा त्याचाच परिणाम. लोक त्याला 'फिशटेल' म्हणत, म्हणजे विमान पाहून काढलेल्या रेषेत त्यांना मासा दिसला. मागचा डावा दिवा वर उचलला की खाली पेट्रोलचं झाकण. मला तर ही खुबी पंखाहून जास्त आवडते.

१९५७ मध्ये डेट्रॉइटच्या तिसऱ्या क्रमांकाच्या कंपनीने, क्रायस्लरने, प्लायमाउथमध्ये वेगळंच केलं. पंख वरून चिकटवला नाही. गाडी बुटकी केली, छत पातळ केलं आणि दरवाजापासून निघालेली रेष चढत चढत शेपटीच्या टोकाशी नेली. त्याच वर्षीच्या शेवरले बेल एअरशेजारी ठेवून पाहा. शेवरलेचा सांगाडा १९५५ चा, पंख नंतरचा. (तिचं पेट्रोलचं झाकण डाव्या पंखाच्या क्रोमपट्टीत दडवलेलं.) बेल एअरचे चाहते रागावतील, पण रेषेच्या बाबतीत प्लायमाउथ सरस आहे.

घोळ झाला तो शब्दाचा. कंपनीने पंखांना 'स्टॅबिलायझर' म्हटलं. विंड टनेलमधल्या, म्हणजे गाडीवर जोराचा वारा सोडून केलेल्या, चाचण्यांचा हवाला दिला, आडव्या वाऱ्यात स्टीअरिंग कमी सावरावं लागतं असं सांगितलं. तत्त्व खोटं नाही; बाणाला मागे पिसं असतात ती उगाच नव्हे. पण बाजारहाटाला निघालेल्या गाडीच्या वेगात त्या पिसांचं काम किती? शिवाय त्याच वर्षी या गाड्यांना पुढे टॉर्शन बार सस्पेन्शन (स्प्रिंगऐवजी पिळल्या जाणाऱ्या दांड्यांवर धक्के झेलणारी रचना) आलं होतं आणि बॉडीही खाली आली होती. गाडी रस्ता धरून चालायची, त्याचं बरंचसं श्रेय तिकडे जातं. पंख आधी कागदावर दिसायला छान होता, शास्त्र मागाहून आलं, असं माझं मत. प्रतिस्पर्ध्यांनी तर शास्त्राचा आवही न आणता पंख वाढवले.

'एकदम १९६० उजाडलं' अशा अर्थाची जाहिरात करत या गाड्या बाजारात आल्या. घाईत बनवल्यामुळे पाणी गळणं, गंज चढणं हेही सोबत आलं. पण त्याआधीच, १९५६ च्या उन्हाळ्यात, सर्वांत मोठ्या कंपनीच्या, म्हणजे कॅडिलॅक, ब्यूक आणि शेवरले बनवणाऱ्या जनरल मोटर्सच्या, एका तरुण डिझायनरने कारखान्याच्या आवारात उभ्या प्लायमाउथ पाहिल्या होत्या. तिथल्या डिझाइन विभागाचे साहेब तेव्हा युरोपात. १९५९ साठी आधी काढलेली गोलगरगरीत चित्रं हाताखालच्यांनी बाजूला सारली आणि नव्याने सुरुवात केली. कॅडिलॅकचे उभे पंख, ब्यूकचे तिरपे, शेवरलेचे वटवाघळासारखे आडवे पसरलेले: तिन्ही त्याच धांदलीतून निघाले, आणि आतला सांगाडा बराचसा सामायिक.

१९६० पासून उंची उतरू लागली. १९६१ च्या लिंकन कॉन्टिनेन्टलने सपाट, साध्या बाजू दाखवून हवाच काढून घेतली. पार्क केलेल्या १९५७ च्या डॉजच्या पंखावर सायकलवरून आदळलेल्या मुलाचा खटला टेक्सासच्या कोर्टात गेला. १९६३ मध्ये निकाल कंपनीच्या बाजूने लागला. १९६५ च्या कॅडिलॅकवर पंख उरला नाही.

मुंबईत मात्र तो उरला. डुक्कर फियाटची पाठ गोल होती. साठच्या दशकातल्या फियाट ११०० डीच्या, म्हणजे पुढच्या पद्मिनीच्या, मागच्या मडगार्डची कड दिव्यावर येऊन जराशी टोकदार होते. अमेरिकेतली ही हौस इटलीमार्गे, पार आक्रसून, कुर्ल्याला पोचली. काळी-पिवळी पद्मिनी रस्त्यावरून उतरली ती ऑक्टोबर २०२३ मध्ये.