गच्चीवरच्या मक्याचं कणीस भरत का नाही?

ठाणे-नवी मुंबईतल्या गच्च्यांवर स्वीट कॉर्न उगवायला कुरकुर करत नाही. झाड पुरुषभर वाढतं, तुरा येतो, कणीसही धरतं. सोलून पाहिलं की आत दहा-बारा दाणे आणि बाकी बोळकं. मग बियाण्याच्या नावाने खडे फोडले जातात. खरी गोम बहुतेक वेळा परागीभवनात असते.

मक्याच्या एकाच झाडावर नर आणि मादी फुलं वेगवेगळ्या जागी येतात. शेंड्यावरचा तुरा नर, पानाच्या बेचक्यातलं कणीस मादी. कणसातून लोंबणारा प्रत्येक केस म्हणजे होऊ घातलेल्या एकेका दाण्याचा स्त्रीकेसर. केसावर परागकण पडला की त्यातून नळी फुटते, केसाच्या आतून खाली उतरते आणि साधारण २४ तासांत फलन होतं. ज्या केसाला पराग मिळाला नाही, त्याच्या खालची जागा रिकामी राहते. बुडाकडच्या दाण्यांचे केस आधी बाहेर पडतात, टोकाचे सगळ्यात शेवटी. त्यामुळे न भरलेलं कणीसच काय बिघडलं ते सांगतं. दाणे इथे-तिथे विखुरलेले असतील तर पराग मुळातच तोकडा पडला. फक्त टोक रिकामं असेल तर शेवटचे केस येईपर्यंत पराग संपला, नाहीतर त्या दिवसांत पाणी किंवा नत्र कमी पडलं.

मधमाश्या तुऱ्यावर दिसतात, पण त्यांच्या भरवशावर राहू नये. त्या पराग गोळा करतात आणि केसांकडे सहसा फिरकत नाहीत. काम वाऱ्याचं आहे. कठड्यालगत एका ओळीत कुंड्या मांडल्या की घोडबंदर रोडच्या टॉवरांमधला वारा पराग सरळ बाहेर उडवून नेतो, आणि जाळ्या लावलेल्या बाल्कनीत वारा फिरतच नाही. म्हणून मका ओळीत नाही, चौकोनात लावायचा: निदान चार बाय चार, सोळा रोपं, दोन रोपांत २५ ते ३० सेंटिमीटर, सगळी पेरणी एकाच दिवशी. ग्रो बॅग वापरायच्या तर १८ इंच व्यासाच्या बॅगेत तीन रोपं आणि सहा बॅगा एकमेकींना चिकटवून. भिजलेली बॅग ५० किलोच्या वर जाते, तेव्हा सोसायटीची परवानगी घ्या आणि जागा तुळईवर निवडा.

एवढं करूनही हाताने परागीभवन करावंच. केस बाहेर पडले की सकाळी नऊ ते अकराच्या दरम्यान, दव सुकल्यावर, तुऱ्याखाली कोरडी कागदी पिशवी धरून तुरा हलकेच झटका. पिवळी भुकटी जमते. ती मऊ ब्रशने लगेच दुसऱ्या झाडांच्या केसांवर लावा. उन्हात पराग फार वेळ जिवंत राहत नाही. हे चार-पाच दिवस रोज करायचं. त्या काळात पाइपने वरून पाणी मारू नका, पराग धुऊन जातो.

पावसाळ्यातल्या मक्याचं आपल्याकडे नेमकं हेच होतं, म्हणून पेरणीला ऑक्टोबरअखेर ते जानेवारी हा काळ बरा. फेब्रुवारी संपता संपता पेरलं तर तुरा एप्रिल-मेच्या तलखीत सापडतो. हिवाळ्यात सूर्य दक्षिणेकडे कलतो, डिसेंबरात भर दुपारीही क्षितिजापासून सुमारे ४७ अंशच वर असतो. दक्षिणेला ६० मीटरचा टॉवर असेल तर त्याची सावली तेव्हा ५५ मीटर लांब पडते. रोज सहा तास ऊन मिळत नसेल तर मक्याचा नाद सोडलेला बरा.

आज विकल्या जाणाऱ्या बऱ्याच जाती ‘सुपर स्वीट’ संकरित आहेत. त्यांचं बी सुरकुतलेलं असतं, कारण त्यात साखर जास्त आणि पिष्ट कमी. शिदोरीच कमी, त्यामुळे खोल पेरलं तर उगवत नाही. दोन-तीन सेंटिमीटर पुरे. बियाला रंगीत औषध चोळलेलं असतं, हात धुवा. आणि पहिले दहा दिवस वर जाळी टाका, नाहीतर कबुतरं कोंब उपटतात.

लाल माती दोन भाग, शेणखत एक, कोकोपीट एक. बॅग वर सहा-सात सेंटिमीटर रिकामी ठेवा. गुडघाभर वाढल्यावर तिथे मातीची भर दिली की झाड कलंडत नाही. मका नत्राचा खादाड. एका रोपाला हंगामभरात चार ते पाच ग्रॅम युरिया लागतो, तो तीन हप्त्यांत: तिसऱ्या आठवड्यात, गुडघाभर उंचीला आणि तुरा डोकावण्याआधी. बुंध्यातून फुटवे आले तर राहू द्या, काढून फायदा होत नाही.

पोंग्यात, म्हणजे शेंड्याच्या गुंडाळलेल्या कोवळ्या पानांत, लाकडाच्या भुशासारखी विष्ठा दिसली तर ती लष्करी अळी. ही मूळची अमेरिकेतली कीड २०१८ मध्ये कर्नाटकात प्रथम सापडली आणि लगोलग महाराष्ट्रात आली. सोळा झाडांना हाताने वेचणं हाच सगळ्यात खात्रीचा उपाय; जोडीला संध्याकाळी पाच टक्के निंबोळी अर्क थेट पोंग्यात.

केस आल्यापासून १८ ते २२ दिवसांत कणीस तयार होतं. केस तपकिरी पडले की पाती जराशी सोलून दाण्याला नख लावा. पाण्यासारखा रस आला तर थांबा, दुधाळ आला तर काढा, पिठूळ निघाला तर उशीर झाला. बहुतेक झाडं एकच भरदार कणीस देतात. त्याखालचं दुसरं सहसा भरत नाही. त्याचे केस दिसल्यावर एक-दोन दिवसांत तोडलं तर ते बेबी कॉर्न म्हणून भाजीत जातं.