साठवलेल्या प्लेटलेटची गुणवत्ता तपासणी

रक्तपेढीत साठवलेल्या प्लेटलेट (रक्त गोठवायला मदत करणाऱ्या चपट्या पेशी) पेशंटला चढवण्याच्या लायकीच्या आहेत का हे बघायची लॅबमधली तपासणी. पावसाळ्यात डेंग्यू वाढला की सांगली-मिरजेत या पिशव्यांसाठी धावपळ सुरू होते, मिरजेला तर जतपासून पार अथणीपर्यंतचे पेशंट येतात, आणि सगळे विचारतात फक्त किती पिशव्या मिळाल्या. पिशवीतल्या पेशी कामाच्या आहेत का हा प्रश्न तितकाच महत्त्वाचा आहे.

प्लेटलेट २० ते २४ अंशांवर, सतत हलणाऱ्या अ‍ॅजिटेटर नावाच्या यंत्रावर ठेवतात, आपल्याकडे ५ दिवस. फ्रीजमध्ये नाही! गारठ्यात चपट्या पेशी आकार बदलतात आणि शरीरात गेल्यावर लवकर काढून टाकल्या जातात, म्हणून नातेवाइकांनी पिशवी नेताना ती बर्फाच्या डब्यात अजिबात ठेवू नये, लाल रक्ताच्या पिशवीची सवय इथे चालत नाही.

सगळ्यात साधी तपासणी म्हणजे स्वर्लिंग. पिशवी उजेडासमोर धरून हलकेच दाबायची, आत रेशमी कापडासारखी झळाळी फिरली तर पेशी अजून चपट्या आहेत, आणि नुसतंच गढूळ दिसलं तर त्या गोल झाल्यात, मग काउंट कितीही असो. ही नजरेची तपासणी असल्याने अनुभव लागतो, पण पिशवी न फोडता होते, त्यामुळे बाहेर देताना प्रत्येक पिशवीची करता येते आणि करायलाच हवी.

बाकीच्या तपासण्या निवडक पिशव्यांवर, शक्यतो मुदत संपताना. वजनावरून व्हॉल्यूम काढतात, साधारण ५० ते ७० मिली, पेशी मोजणाऱ्या सेल काउंटरवर काउंट घेतात आणि दोन्हींचा गुणाकार करून पिशवीतल्या एकूण प्लेटलेट काढतात. ४५० मिली रक्तातून बनवलेल्या पिशवीत किमान ४,५०० कोटी प्लेटलेट हव्यात, ३५० मिलीवाल्या पिशवीत ३,५०० कोटी. पीएच, म्हणजे आम्लता दाखवणारा आकडा (आम्ल वाढलं की तो उतरतो), ६ च्या खाली नको. ऑक्सिजन कमी पडला की पेशी लॅक्टिक अ‍ॅसिड तयार करतात आणि पीएच उतरतो, म्हणून तर हवा आरपार जाणारं प्लास्टिक आणि सतत हलवणं. नमुना काढल्यावर पीएच लगेच मोजावा, नाहीतर कार्बन डायऑक्साइड उडून आकडा खोटाच चांगला दिसतो. गुलाबी झाक असली तर लाल पेशी मिसळल्यात.

शिवाय कल्चर, म्हणजे नमुन्यात जंतू वाढतात का ते बघणं. खोलीच्या तापमानाला जंतू भराभर वाढतात, त्यामुळे सेप्सिसचा (जंतुसंसर्ग रक्तात पसरण्याचा) धोका लाल पेशींच्या पिशवीपेक्षा इथे जास्त, आणि ५ दिवसांची मर्यादा मुख्यतः त्यासाठीच आहे.