उतार आणि पायऱ्या: अल्झायमर की रक्तवाहिन्यांचा डिमेन्शिया?

‘आजोबांना डिमेन्शिया झालाय की अल्झायमर?’ हा प्रश्न म्हणजे ताप आलाय की मलेरिया, असं विचारण्यासारखं आहे. डिमेन्शिया हे स्मरण आणि बुद्धी ढासळण्याच्या लक्षणांचं नाव, अल्झायमर हे त्यामागचं एक कारण. गल्लत खरी होते ती अल्झायमर आणि त्याच्या शेजारी बसलेलं दुसरं कारण, म्हणजे मेंदूच्या रक्तवाहिन्यांचा आजार, यांच्यात. घरात दोघांनाही एकच नाव मिळतं: म्हातारपण.

समजा, दोन घरांत दोन आज्या. पहिली आमटीत दोनदा मीठ घालते, कारण एकदा घातल्याचं तिच्या डोक्यात उरलेलंच नसतं. सकाळी नातवाचा फोन येऊन गेला, हे संध्याकाळी ती मानायला तयार नसते. ‘अगं, तो नोकरीचं सांगत होता ना’ अशी आठवण करून दिली तरी उपयोग नाही. दुसरीला फोन आठवतो, जरा वेळाने, थोडं सुचवल्यावर. तिची अडचण पुरणपोळीला होते. डाळ शिजवणं, कट काढणं, पुरण आटवणं, कणीक भिजवणं, सुटं सुटं सगळं येतं; पण कशानंतर काय, हेच जुळत नाही. ती मंदावलेली असते, पाय घासत चालते, लघवीची घाई होते, आणि कधी क्षुल्लक गोष्टीवर रडू फुटतं.

पहिलीच्या मेंदूत पेशींच्या बाहेर अमायलॉइड आणि आत टाऊ नावाची प्रथिनं साचत गेलेली असतात, तीही लक्षणं दिसण्याच्या कितीतरी वर्षं आधीपासून. नव्या आठवणी नोंदवणारा भाग त्यांच्या तावडीत लवकर सापडतो, म्हणून जुनं लख्ख आणि कालचं कोरं. दुसरीच्या मेंदूत खोलवर जाणाऱ्या बारीक रक्तवाहिन्या खराब झालेल्या असतात. वर्षानुवर्षं चढलेल्या बीपीने त्यांच्या भिंती जाड आणि ताठ होतात, वाढलेली शुगर आतलं अस्तर बिघडवते. शरीराच्या वजनाच्या जेमतेम २ टक्के असलेला मेंदू सुमारे २० टक्के ऊर्जा खातो. पुरवठा जरा आटला तरी त्याला जाणवतो. मेंदूच्या भागांना जोडणाऱ्या ‘वायरिंग’ला आधी झळ लागते. डायबेटिसने किडनी आणि डोळ्याचा पडदा जातो हे आता घरोघरी माहीत आहे. त्याच यादीत मेंदू आहे, हे मात्र कुणी सांगत नाही.

अल्झायमर उतारासारखा घसरतो आणि रक्तवाहिन्यांचा आजार पायऱ्यांनी, हे पाठ्यपुस्तकातलं चित्र. मेंदूत एक छोटा अटॅक (स्ट्रोक) येतो, माणूस एक पायरी खाली येतो, महिनोन्‌महिने तिथेच राहतो, मग पुढची पायरी. पण अगदी बारीक वाहिन्यांचाच आजार असेल तर तोही उतारासारखाच दिसतो. तिथे पुस्तक कमी पडतं.

आणि मुळात ही वाटणीच फार स्वच्छ आहे. वयस्क मेंदूत दोन्ही आजार बरेचदा एकत्रच नांदतात. अमेरिकेतल्या कॅथलिक नन्सवर झालेल्या ‘नन स्टडी’त मृत्यूनंतर मेंदू तपासले गेले. १९९७ साली प्रसिद्ध झालेल्या निष्कर्षांत दिसलं, की अल्झायमरच्या खुणा असलेल्यांपैकी ज्यांच्या मेंदूत खोलवर छोटे अटॅकही येऊन गेले होते, त्यांना डिमेन्शिया असण्याचं प्रमाण कितीतरी जास्त होतं. म्हणून ‘अल्झायमरच आहे, मग बीपीचं कशाला एवढं’ हा युक्तिवाद मला घातक वाटतो.

२०१९ साली आलेल्या ‘स्प्रिंट माइंड’ चाचणीत मधुमेह नसलेल्या, बीपी असलेल्या ९,३६१ जणांपैकी काहींचं वरचं बीपी १२०च्या खाली आणि काहींचं १४०च्या खाली ठेवायचं ठरलं. पहिल्या गटात बुद्धीची सौम्य घसरण सुमारे १९ टक्क्यांनी कमी आढळली. डिमेन्शियातला फरक मात्र ठामपणे सांगण्याइतका भरला नाही. शुगरचं गणित आणखी वाकडं: कडक नियंत्रणाने बुद्धी वाचते, असं मधुमेहींवरच्या ‘अ‍ॅकॉर्ड’ चाचणीत दिसलं नाही, आणि म्हाताऱ्या माणसाची शुगर वारंवार फार खाली जाणं मेंदूलाही परवडत नाही.

आणखी एक फसगत. डिमेन्शियाच्या आधीच्या काही वर्षांत बीपी आपोआप उतरू लागतं. ऐंशीव्या वर्षी मशीनवर ‘नॉर्मल’ दिसलं म्हणजे पन्नाशीतल्या चढ्या बीपीचा हिशेब मिटला, असं नाही.

निदानाला एमआरआय लागतो, शिवाय बी-१२ आणि थायरॉइडही तपासतात. बी-१२ आपल्याकडे विशेष महत्त्वाचं, कारण ते कमी करणारी शाकाहारी जेवण आणि वर्षानुवर्षांची मेटफॉर्मिन ही मधुमेहाची गोळी, ही दोन्ही एकाच ताटात असतात. पण डॉक्टर आधी विचारतात, ‘कधीपासून?’ आणि घरचे म्हणतात, ‘असंच, दोनेक वर्षं.’ दूध कधी आलं नाही, सिलिंडर कधी लावला, हे कालनिर्णयावर लिहिणाऱ्या घरात आजी कधी पडली, कोणत्या दिवशी तोंड वाकडं झालं आणि संध्याकाळपर्यंत सरळ झालं, याच्या तारखाही त्याच चौकटींत लिहिता येतात. उतार की पायऱ्या, हे त्यांवरून बरंचसं कळतं. तोंड वाकडं झालं तर मात्र ते सरळ व्हायची वाट बघत घरी थांबायचं नाही, तडक हॉस्पिटल गाठायचं. तारीख नंतर लिहिता येते.