जुन्या दुनळी बंदुकीचा ढिलेपणा

मधे वाकवून काडतूस भरायच्या जुन्या दुनळी शॉटगनमध्ये नळ्या आणि बॉडी (दस्त्याला जोडलेला मधला धातूचा भाग) यांचा सांधा झिजला की बंदूक 'ढिली' झाली म्हणतात, आणि नळ्यांची मागची बाजू बॉडीच्या उभ्या भिंतीपासून म्हणजे ब्रीच फेसपासून सुटली असेल तर इंग्लंडमधले कारागीर तिला 'ऑफ द फेस' म्हणतात. शंभर-सव्वाशे वर्षांच्या इंग्लिश, बेल्जियन, अमेरिकन बंदुकांत हा दोष सर्रास सापडतो.

सांध्याची रचना तशी सोपीच आहे. नळ्यांच्या खाली लंप नावाचे ठोकळे असतात, पुढच्या लंपला अर्धगोल खाच असते तिला हुक म्हणतात, आणि हा हुक बॉडीतल्या आडव्या हिंज पिनवर टेकून फिरतो, दाराच्या बिजागरीसारखा. बंद झाल्यावर खालून बोल्ट, म्हणजे कडीसारखी सरकती पट्टी, सरकून लंपच्या खाचांत बसतो. लंडनचे बंदूक कारागीर जेम्स पर्डी यांनी १८६३ साली पेटंट घेतलेला दुहेरी अंडरबोल्ट पुढे बहुतेक सगळ्यांनी उचलला, आणि वेस्टली रिचर्ड्स कंपनीच्या अॅन्सन आणि डीली या दोघांचं १८७५ चं बॉक्सलॉक, म्हणजे चापाची यंत्रणा बॉडीच्या आतच असलेली रचना, हेही याच तत्त्वावर बंद होतं. बार उडाला की काडतुसाचं बूड भिंतीला मागे रेटतं आणि नळ्या पुढे जायला बघतात, त्यामुळं खरा मार बोल्टला नाही तर हुक आणि पिनला बसतो. लोक बोल्ट बघत बसतात आणि तिथंच चुकतात.

तपासताना पहिलं काम म्हणजे फोरएंड (नळ्यांखालचा लाकडी भाग) काढून ठेवायचा, अर्थात बंदूक रिकामी आहे याची खात्री करून. फोरएंड घट्ट बसलेला असेल तर तो नळ्यांना मागे दाबून धरतो आणि ढिलेपणा लपतो, विकणाऱ्यांना हे चांगलं ठाऊक असतं. मग दस्त्याची मूठ एका हातात, नळ्या दुसऱ्या हातात धरून आधी पुढे-मागे, मग वर-खाली आणि मग आडवं हलवून बघायचं. पुढे-मागे खेळ, म्हणजे मोकळी हालचाल, असेल तर हुक किंवा पिन झिजलीय, नुसता वर-खाली असेल तर बोल्ट आणि त्याच्या खाचा, आणि आडवा हलत असेल तर लंपच्या बाजू खाल्ल्या गेल्यात. प्रकाशासमोर धरून फट दिसते का बघतात, फीलर गेज (फट मोजायच्या पातळ पट्ट्या) नसेल तर सिगरेटचा पातळ कागद फटीत सरकवून बघतात, तो साधारण एक हजारांश इंच जाड असतो. एल. सी. स्मिथ, फॉक्स यांसारख्या अमेरिकन बंदुकांत फिरता बोल्ट झीज आपोआप भरून काढतो, तिथं टॉप लिव्हर, म्हणजे बंदूक उघडायचा वरचा खटका, बघायचा: बंदूक बंद असताना तो नवीनपणी उजवीकडे थांबतो, झिजत गेला की मधे येतो आणि मग डावीकडे जातो. कधी कधी ढिला असतो तो नुसता दस्ता! बॉडीत लाकूड हलत असेल तर सांध्याला दोष देण्याआधी दस्ता आवळणारे स्क्रू बघावेत. तसंच नळ्या बॉडीपासून सुट्या करून हुकाला धरून लटकवायच्या आणि टिचकी मारायची, खणखणीत वाजल्या तर ठीक, बद्द आवाज आला तर दोन नळ्यांमधली पट्टी झाळणातून सुटलीय.

दुरुस्तीत सगळ्यात चांगला उपाय म्हणजे किंचित जाड पिन घालणं, पण काही बंदुकांत पिन बॉडीतूनच कोरलेली असते, ती बदलता येत नाही. मग हुकवर टिग वेल्डिंगने (बारीक विजेच्या ठिणगीने केलेल्या वेल्डिंगने) धातू चढवतात आणि तो घासून बसवतात. उष्णता पसरू द्यायची नाही हे इथं फार महत्त्वाचं, कारण पट्ट्या साध्या कथिल-शिशाच्या झाळणाने बसवलेल्या असतात आणि ते २०० अंश सेल्सियसच्या आसपासच वितळतं. पुढचं काम मात्र हाताचंच: ब्रीच फेसवर दिव्याची काजळी लावायची, नळ्या बंद करून उघडायच्या, काळा डाग जिथं उमटला तिथं कानसीचा एक हलका हात मारायचा आणि पुन्हा काजळी, असं सगळीकडे सारखा डाग येईपर्यंत. घाईवाले लोक हुकमध्ये पितळी पत्रा चिकटवतात किंवा लंप हातोडीने ठोकून फुगवतात, त्याने बंदूक काही दिवस घट्ट वाटते, पण थोडेच बार झाले की पुन्हा तोच खेळ.

जुन्या इंग्लिश १२ बोअरच्या बंदुकीचं चेंबर, म्हणजे नळीतली काडतूस बसायची जागा, बऱ्याचदा ६५ मिमीच्या काडतुसासाठी असतं, त्यात ७० मिमीची जड काडतुसं वापरली तर दाब वाढतो आणि सांधा लवकर झिजतो. ब्रिटनमध्ये प्रूफमधून, म्हणजे बंदुकीच्या अधिकृत दाब-चाचणीतून, बाद झालेली बंदूक विकणं गुन्हा आहे, त्यामुळं मोठ्या दुरुस्तीनंतर ती लंडन किंवा बर्मिंगहॅमच्या प्रूफ हाउसकडे पुन्हा चाचणीला जाते. आपल्याकडे संस्थानिकांच्या आणि जुन्या शिकाऱ्यांच्या घरांत अशा बंदुका आल्या. पण आर्म्स अॅक्ट १९५९ च्या कलम ५ नुसार बंदूक दुरुस्तीचा धंदा करायलाही लायसन्स लागतं, त्यामुळं सांध्याचं काम लायसन्सवाल्या कारागिराकडेच द्यावं लागतं.