मागील सस्पेन्शनची करकर

गाडीचा मागचा भाग खाली-वर होताना स्प्रिंगच्या पाट्यांमधून किंवा सस्पेन्शनच्या सांध्यांतून येणारा कोरडा, पुन्हा पुन्हा होणारा आवाज. खडखडाट सुटलेले भाग आपटल्याने होतो. करकर मात्र दाबाखाली असलेले दोन पृष्ठभाग एकमेकांवर घासल्याने होते. प्रस्तुत नोंद मुख्यतः पाट्यांच्या, म्हणजे एकावर एक रचलेल्या लांब पोलादी पट्ट्यांच्या, स्प्रिंगांविषयी आहे.

अशी स्प्रिंग मोटारीहून जुनी असून घोडागाड्यांकडून मोटारीत आली. ओबडाया एलियट यांचे लंबवर्तुळाकार स्प्रिंगचे इंग्लंडमधील पेटंट सर्वसाधारणपणे १८०४ चे मानतात. थरांच्या स्प्रिंगा त्यापूर्वीही वापरात होत्या. त्यामुळे एलियट यांना स्प्रिंगचे जनक म्हणण्यापेक्षा त्या विशिष्ट रचनेचे श्रेय देणे अधिक योग्य. दोन महायुद्धांच्या दरम्यानच्या काळात पाट्यांवर ग्रीस भरलेली चामडी वेष्टने चढवीत. पाट्यांमध्ये जस्ताच्या आणि पुढे प्लॅस्टिकच्या पट्ट्या घालण्याची पद्धतही आली. मोजक्याच पाट्यांच्या पॅराबोलिक स्प्रिंगमध्ये पाटे मध्यभागी आणि टोकांजवळच टेकतात, म्हणून ती बरीच शांत असते.

कारणमीमांसा : स्थिर घर्षण (थांबलेले पृष्ठभाग सरकू लागण्यापूर्वीचे) गतिज घर्षणापेक्षा (सरकत असतानाच्या) जास्त असते. फ्रेंच शास्त्रज्ञ कूलाँ यांनी घर्षणावरील निबंध १७८१ मध्ये सादर केला आणि तो १७८५ मध्ये छापला गेला. त्यामुळे संदर्भांत दोन्ही साले आढळतात. पृष्ठभाग जितका वेळ स्थिर टेकून राहतील तितके स्थिर घर्षण वाढते, हे निरीक्षण त्यांनी नोंदवले होते. पाटा वाकताना आधी अडकतो, ताण साठतो, मग एकदम सरकतो आणि पुन्हा अडकतो. व्हायोलिनची तार गजाखाली याच रीतीने वाजते. बोडेन आणि लेबेन या संशोधकांनी १९३९ मध्ये धातूंवरील या अडक-सरक गतीचे तपशीलवार मोजमाप मांडले.

आवाजाच्या कारणाविषयी दुसरे मत संशोधक स्पर यांचे. ब्रेकच्या किंकाळीसंबंधी १९६१ मध्ये त्यांनी दाखवले की घर्षणगुणांक स्थिर असला तरी भागांच्या मांडणीमुळेच कंपन सुरू होऊ शकते. ब्रेकच्या बाबतीत हे मत महत्त्वाचे आहे. पाट्यांची गती मंद असते व आवाज बहुधा दिशा पालटताना येतो, त्यामुळे येथे पहिले स्पष्टीकरण अधिक जुळते.

पाट्यांतील घर्षण हा निव्वळ दोष नव्हे. त्यात ऊर्जा खर्ची पडते आणि डोलणे आटोक्यात राहते. शॉक अ‍ॅब्सॉर्बर सर्रास नव्हते तेव्हा या घर्षणावरच भिस्त होती. म्हणून पाट्यांना ग्रीस लावावे की नाही, यावर कारागिरांत मतभेद आहेत. ग्रीसला धूळ चिकटून पुढे तीच पाटे घासते, असा एका बाजूचा युक्तिवाद. कोरडे पाटे गंजतात आणि गंजाच्या खड्ड्यांतून भेगा सुरू होतात, हा दुसऱ्या बाजूचा. शॉक अ‍ॅब्सॉर्बर चांगले असतील तर दुसरी बाजू वजनदार ठरते. मात्र कारखान्यातून प्लॅस्टिकच्या पट्ट्या घातलेली स्प्रिंग कोरडीच ठेवावी.

निदान : गाडी सपाट जागी उभी करून मागचा बंपर दाबावा व दुसऱ्याने जवळून ऐकावे. आवाज कोठून येतो हे कानाने सहसा नेमके कळत नाही, कारण लोखंडातून तो दूरवर पोहोचतो. म्हणून संशयित जागांवर एकेक करून पाणी फवारावे : स्प्रिंगचे पुढचे बुश (सांध्यातील रबरी वा प्लॅस्टिकची नळी), मागचे शॅकल (स्प्रिंगचे टोक गाडीच्या सांगाड्याला जोडणारा हलता दुवा), पाट्यांची टोके, शॉक अ‍ॅब्सॉर्बरची दोन्ही टोके, अँटी-रोल बार (वळणावर गाडीचे कलणे कमी करणारा दांडा) असल्यास त्याचे बुश. ज्या जागी पाणी पडताच आवाज थांबतो, तेथे दोष. सायलेन्सरचे रबर आणि बॉडीचे जोड हेही फसवतात. याच वेळी तुटलेला पाटा, सुटलेली क्लिप आणि स्प्रिंग अ‍ॅक्सलला जखडणारे सैल यू-बोल्ट पाहून घ्यावेत.

दुरुस्ती : गाडी स्टँडवर चढवावी, नुसत्या जॅकवर सोडून खाली जाऊ नये. आधार चासीला देऊन अ‍ॅक्सल लोंबता ठेवला की पाट्यांची टोके मोकळी होतात. तारेच्या ब्रशने गंज काढून ग्राफाइटयुक्त ग्रीस भरावे. पाटे पहारीने उचकटू नयेत. पृष्ठभागावरील ओरखड्यातून थकव्याची भेग सुरू होऊ शकते. भेदक तेल फवारले की आवाज बंद होतो, पण ते टिकत नाही, आणि खनिज तेल नैसर्गिक रबराला फुगवते. रबरी बुशांजवळ सिलिकोन ग्रीसच वापरावे. पॉलियुरेथेनचे बुश कोरडे बसवल्यास नवेपणीच करकरतात.

बुश बदलल्यावर बोल्ट अखेरचे आवळताना गाडीचे वजन चाकांवर हवे. रबराचे बुश दोन्ही बाजूंनी पकडलेले असते व स्वतः पिळूनच हालचाल सोसते. अ‍ॅक्सल लोंबत असताना आवळले तर गाडी खाली येताच ते कायमचे पिळलेले राहते आणि लवकर फाटते. नव्या बुशांनंतर काही काळाने करकर परतते, तिचे कारण बऱ्याचदा हेच असते.

गुंडाळी स्प्रिंगच्या गाड्यांत आवाज स्प्रिंगच्या बैठकीतून किंवा दुव्यांच्या बुशांतून येतो. पडताळणीची रीत तीच.