जड स्टिअरिंग आणि रद्दीचा काटा

नानांची गाडी 2005 सालची. इंदूरच्या रामबागेत, घराच्या फाटकासमोर उभी असते आणि गल्लीतून बाहेर काढायची तर दोनदा पुढे, तीनदा मागे करावं लागतं. यंदा पावसाळा संपता संपता नाना म्हणायला लागले, "अरे, गाडी काढेपर्यंत हात भरून येतात माझे." नाना चौऱ्याहत्तर वर्षांचे, त्यामुळे आम्ही आधी गाडीपेक्षा त्यांच्यावरच संशय घेतला. मग मी स्वतः चालवून पाहिली. नानांचे हात ठणठणीत होते.

गॅरेजमधल्या मिस्त्रीने बॉनेट उघडायच्या आधीच निकाल दिला, "भिया, पंप गया." म्हणजे पॉवर स्टिअरिंगचा पंप. त्याची किंमत ऐकून नाना गाडी तशीच घरी घेऊन आले.

पंप गेला नसेलच असं माझं म्हणणं नव्हतं. पण स्टिअरिंग दोन अगदी वेगळ्या कारणांनी जड होतं. एक तर तुम्हाला मिळणारी मदत कमी होते, नाही तर मदत तेवढीच असते पण वाटेत कोणीतरी अडवणूक करत असतं. हाताला दोन्ही सारखंच लागतं. पंप हा पहिल्या गटातला संशयित. नानांच्या गाडीत मात्र आणखी एक गोष्ट होत होती, तिच्याकडे कोणी लक्ष दिलं नव्हतं: वळण संपल्यावर स्टिअरिंग आपणहून सरळ होत नव्हतं.

चांगल्या गाडीत ते होतं, आणि त्यासाठी पंप लागत नाही. पुढचं चाक ज्या रेषेभोवती वळतं ती रेषा उभी नसते, वरच्या बाजूने थोडी मागे कललेली असते. ती खाली जमिनीपर्यंत वाढवली तर टायर जिथे टेकतो त्याच्या थोडी पुढे जाऊन पडते. म्हणजे टायर नेहमी आपल्या खुंट्याच्या मागून ओढला जातो, सामानाच्या ट्रॉलीच्या फिरत्या चाकासारखा. ट्रॉली ढकलली की ते चाक मुकाट्याने मागे जाऊन रांगेत येतं. सायकल दोन्ही हात सोडून चालवता येते त्यात याच कलण्याचा मोठा वाटा आहे. गाडी चालती असेल तर रस्ताच चाकं सरळ करत असतो. पंप बंद पडला तरी, थोडं आळसावून का होईना, स्टिअरिंग बहुधा परत येतं. ते वळवलं तिथेच बसून राहिलं, तर मदत कमी झाल्यापेक्षा घर्षण वाढल्याची शक्यता जास्त.

रविवारी सकाळी महूच्या रस्त्याला एक मोकळा तुकडा गाठून आम्ही हे पाहिलं. वेग तीसच्या आसपास, हलकंसं वळण, आणि मग पकड सैल करून हात स्टिअरिंगजवळच ठेवले. स्टिअरिंग चार बोटं मागे आलं आणि थांबलं. पुढचं सगळं हाताने ओढावं लागलं. (इथून जवळच पिथमपूरला नॅट्रॅक्स या वाहनचाचणी केंद्राचा 11.3 किलोमीटरचा हाय स्पीड ट्रॅक आहे. असले प्रयोग तिथे शोभतात, पण नानांची गाडी तिथे कोण घेणार.)

घर्षण शोधायला निघायचं तर सर्वात खालून सुरुवात करावी, कारण तिथलं तपासायला पैसे पडत नाहीत. उभ्या गाडीत स्टिअरिंग फिरवतो तेव्हा टायर घरंगळत नसतो, जमिनीवर जागच्या जागी रगडला जात असतो. समजा पुढच्या एका चाकावर 250 किलो भार आहे. हवा 30 पीएसआय, म्हणजे दर चौरस सेंटिमीटरला साधारण 2.1 किलो. भागाकार केला की टायर जमिनीला सुमारे 120 चौरस सेंटिमीटर टेकतो, एका तळहाताएवढा. हवा 18 वर आली तर हाच ठसा जवळपास 200 चौरस सेंटिमीटर होतो. भार तोच, पण घासणारं रबर मध्यापासून लांबवर पसरतं, आणि मध्यापासून लांब असलेलं रबर फिरवायला जास्त जोर लागतो. हा जोर हवेच्या दाबाच्या वर्गमुळाच्या उलट प्रमाणात बदलतो असं ढोबळ सूत्र आहे. 30 चे 18 झाले की जोर सुमारे 30 टक्क्यांनी वाढतो. नानांच्या पुढच्या डाव्या टायरमध्ये 19 निघाले. हवा भरली, गल्लीतून गाडी काढताना फरकही पडला. नाना लगेच म्हणाले, "झालं ना मग?" झालं नव्हतं. चालत्या गाडीतला तो हट्टीपणा तसाच होता.

आता पंपाला न्याय द्यायचा तर तो काय करतो ते पाहायला हवं. स्टिअरिंगच्या दांड्यात खाली एक बारीक पोलादी सळई असते, ती पीळ बसावा म्हणूनच बारीक ठेवलेली. तुम्ही जोर लावला की ती किंचित पिळते, त्या पिळाने एक झडप उघडते आणि पंपाचं तेल रॅकमधल्या, म्हणजे पुढची चाकं डावी-उजवीकडे वळवणाऱ्या दातेरी दांड्यावरच्या, दट्ट्याच्या एका बाजूला शिरतं. समजा दट्ट्या 8 चौरस सेंटिमीटरचा आणि तेलाचा दाब दर चौरस सेंटिमीटरला 70 किलो, तर साडेपाचशे किलोचा रेटा मिळतो. एवढं करून नानांच्या बोटांनी फक्त एक सळई पिळायची असते. फ्रान्सिस डेव्हिस या अमेरिकी इंजिनिअरने अशी व्यवस्था 1926 मध्येच गाडीवर बसवून दाखवली होती. विकत मिळायला 1951 उजाडलं, क्रायस्लरच्या इम्पीरियलमध्ये. तोवर हाताशी असलेला एक उपाय म्हणजे मोठं स्टिअरिंग. जुन्या बसचं परातीएवढं स्टिअरिंग आठवा.

ही मदत कमी पडली की गाडी बहुतेक वेळा बोलून दाखवते. डबीत तेल कमी असेल तर पंप कण्हतो, पूर्ण वळवल्यावर जास्तच. तेलात फेस दिसला तर कुठून तरी हवा शिरतेय, आणि हवा दाबली जाते, त्यामुळे रेटा वाया जातो. पंप फिरवणारा बेल्ट सैल असेल तर उभ्या गाडीत स्टिअरिंग फिरवताच किंचाळतो. सकाळी जड आणि अर्ध्या तासाने हलकं, असं असेल तर झिजलेल्या सीलवर संशय घ्यावा. अशा वेळी डबीत हाती लागेल ते तेल ओतू नये, गाडीच्या पुस्तकात लिहिलंय तेच घालावं. नानांच्या गाडीत तेल खुणेपर्यंत, बेल्ट घट्ट, आवाज नाही. विजेवर चालणारं स्टिअरिंग असतं (1988 मध्ये सुझुकीच्या सर्व्हो नावाच्या छोट्या गाडीत ते पहिल्यांदा आलं) तर मी आधी डॅशबोर्डवरचा दिवा आणि बॅटरी पाहिली असती. मरगळलेली बॅटरी असली की ती मोटर पहिली हात वर करते.

मग खरी परीक्षा. मागच्या चाकांना विटा लावल्या, पुढची दोन्ही चाकं स्टँडवर उचलली. नुसत्या जॅकवर नाही, तो कधी घसरेल सांगता येत नाही. इंजिन बंद, पण किल्ली फिरवून स्टिअरिंगचं लॉक सोडलेलं. चाकं हवेत म्हणजे टायर आणि रस्ता हिशोबातून बाद. आता जे जड लागेल ते गाडीच्या आतलं.

हाताच्या अंदाजावर माझा भरवसा नव्हता, म्हणून काकूकडून रद्दी तोलायचा आकड्याचा स्प्रिंगकाटा मागून आणला. स्टिअरिंगच्या गोल कडेला वरच्या टोकाला चिकटपट्टीची खूण केली, कडेवर सुतळी गुंडाळून तिला काटा अडकवला आणि सावकाश ओढत गेलो. काटा 800 ग्रॅमच्या आसपास डुलत होता. मग एकदम अडीच किलो, आणि पुन्हा 800. अर्धी फेरी पुढे पुन्हा अडीच. या टोकापासून त्या टोकापर्यंत हेच, प्रत्येक फेरीत दोनदा, खूण वर आणि खूण खाली.

इथे मला फार बरं वाटलं. चाकाकडची वस्तू अडकत असती तर ती स्टिअरिंगच्या फेऱ्या मोजत बसली नसती. चाक टोकापासून टोकापर्यंत एकदाच वळतं, तेवढ्यात स्टिअरिंगच्या साडेतीन फेऱ्या होतात. शॉकरच्या वरचं बेअरिंग गेलं असेल तर सगळीकडे सारखं जड लागतं, किंवा स्प्रिंग आधी पीळ खाते आणि मग टंग करून सुटते. दुसऱ्याला फिरवायला लावून स्प्रिंगवर हलका हात ठेवला की कळतं. फेरीत दोनदा अडणारी वस्तू स्टिअरिंगबरोबर फिरणारीच असणार, आणि दोनदा म्हटलं की एकच नाव समोर येतं: क्रॉस.

स्टिअरिंगचा दांडा वरून तिरका येतो आणि रॅकचं तोंड भलतीकडे असतं, म्हणून मध्ये सांधा लागतो. एकमेकांत काटकोनात अडकवलेली दोन बेचकी आणि मध्ये अधिकच्या चिन्हासारखा तुकडा, त्याच्या चारही टोकांना सुईसारख्या बारीक रुळांचं बेअरिंग. हूकचा सांधा म्हणतात तो हाच, सतराव्या शतकातल्या रॉबर्ट हूकच्या नावाचा. दांडा एक फेरी घेतो तेव्हा प्रत्येक बेचकं या तुकड्यावर एकदा पुढे आणि एकदा मागे झुलतं. बेअरिंग गंजलं की ते झुलायला नकार देतं, फेरीत दोनदा.

टॉर्च घेऊन पाहिलं तर खालच्या क्रॉसच्या एका टोकाला तपकिरी पूड साचली होती. तिथे पावसात चाकाचं पाणी उडतं, आणि नाना दर महिन्याला वॉशिंग सेंटरवर इंजिनसुद्धा प्रेशरने धुऊन घेतात. स्वच्छतेत वर्षानुवर्षं पहिला नंबर काढलेल्या शहरात राहिल्याचा परिणाम. ग्रीस असंच धुऊन गेलं असावं.

छोटी ग्वालटोलीतून नवा सांधा आणला, पंपाच्या मानाने किरकोळ पैशात. बसवला मात्र त्याच मिस्त्रीकडून, कारण काढण्याआधी दांड्यावर खुणा करून तो त्याच दातांवर बसवावा लागतो आणि त्याचा बोल्ट ही घरी शिकायची गोष्ट नाही. जुना सांधा त्याने हातात दिला. एका बाजूने तो सहज झुलत होता, दुसऱ्या बाजूला दोन्ही अंगठे लावले तरी हलेना. मिस्त्रीने तो दोनदा उलटसुलट करून पाहिला आणि पंपाबद्दल काही बोलला नाही.

काटा आता सगळीकडे 800 च्या आसपास थांबतो. डावीकडच्या शेवटच्या पाव फेरीत तेवढा किलोच्या वर जातो, आणि त्या बाजूचं रॅकचं रबरी बूट फाटलेलं आहे. ते दिवाळीनंतर बघू म्हणून नाना आज काकूला घेऊन सराफ्यात गेलेत.